सीहोर ते काशी : विज्ञानाच्या वर्गातील निवडीचा प्रश्न

विज्ञानाच्या अध्यापनात विद्यार्थ्याच्या स्वायत्ततेचा विचार आज प्रामुख्याने अभ्यासक्रमाच्या आराखड्यांसंदर्भात होतो. या विचाराचा एक जुना धागा काशीतील मराठी विद्वत्परंपरेपर्यंत जातो, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

भोपाळ संस्थानातील इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांनी सीहोरच्या पाठशाळेत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या आधारे नव्या खगोलविद्येचे शिक्षण सुरू केले. तेथील पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ या मराठी ग्रंथात पौराणिक, सैद्धान्तिक आणि कोपर्निकसप्रणीत अशी तिन्ही विश्वरूपे तुलनेसाठी मांडली. यज्ञेश्वरशास्त्री यांनी १८३७ मध्ये ‘अविरोधप्रकाश’ लिहून त्यास उत्तर दिले. वाद रंगला, आणि विशेष म्हणजे तो पंडितांच्या परिचयाच्या परिभाषेत रंगला.

तीन मते समोर ठेवली म्हणजे निवड मिळाली, असे मात्र नव्हे. निवाड्याचे साधन विद्यार्थ्याच्या हाती असेल तरच ती निवड अर्थपूर्ण ठरते. पृथ्वी सपाट की गोल, या प्रश्नात ते साधन होते. पुण्याहून काशीस आलेल्या विद्यार्थ्याला ध्रुवतारा सुमारे सात अंशांनी उंच दिसतो. ही उंची तो स्वतः मोजू शकतो. सूर्य फिरतो की पृथ्वी, येथे स्थिती निराळी होती. ताऱ्याचे लंबन प्रत्यक्ष मोजून बेसेल यांनी प्रसिद्ध केले तेच मुळी १८३८ मध्ये. पाठशाळेतील साधनांनी ही सिद्धता होणे नव्हते. तेथे विद्यार्थ्याला गुरूवरच विश्वास ठेवावा लागे. शिवाय कोणते मत अखेर स्वीकारले जावे, हे विल्किन्सन यांच्या मनात आधीच ठरलेले होते. तेव्हा या स्वायत्ततेस मर्यादा होती, हे मान्य करावे लागते.

सीहोरच्या मुशीत घडलेले बापूदेव शास्त्री १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. ‘सूर्यसिद्धान्ता’चा त्यांचा इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या गणितावर आधारलेले पंचांगही काढले. परंपरेत राहून प्रत्यक्ष वेधाच्या बाजूने केलेली ही निवड होती.

सीहोरच्या शेजारच्याच होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे साधन थेट खेड्यातील मुलांच्या हाती दिले. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरे नसत. मुले प्रयोग करून निष्कर्ष स्वतःच्या वहीत लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकही असे. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला.