दर वीस मिनिटांनी

पहाटे 4.50

डेपोच्या फाटकाशी टाइमकीपर काकांचं टेबल आहे. त्यावर रजिस्टर, रजिस्टरला दोरीने बांधलेलं पेन. जानेवारीची थंडी, म्हणून काकांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरलेला. माझी नोकरी पुण्याच्या बससेवेच्या नियोजनाची, म्हणजे बसून करायची. इतक्या पहाटे मला कुणी बोलावत नाही. तरी आठवड्यातून एकदा मी येते, कारण वेळापत्रकात लिहिलेली गाडी आणि फाटकातून खरोखर बाहेर पडलेली गाडी, यांतली दुसरीच प्रवाशाला भेटते.

चालक गाडीला एक फेरी मारून चाकं बघतो, ब्रेक दाबून बघतो. वाहक तिकिटाचं मशीन आणि सुट्या पैशांची पिशवी घेतो. 2019च्या फेब्रुवारीत पुण्यात पहिल्या विजेच्या बस धावल्या. अशा गाड्या वाढत गेल्या तसा पहाटेचा डेपो शांत होत गेला. पूर्वी इथे गाड्या गरम करताना डोळे चुरचुरायचे.

हे दिवस अंदाजपत्रकाचे. एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षात कुठल्या मार्गावर किती गाड्या मागायच्या, ते आत्ता ठरतं. माझ्या वहीत सध्या एकच मार्ग आहे: स्वारगेट ते किरकटवाडी. तिथे अर्ध्या तासाने येणारी बस मला वीस मिनिटांवर आणायची आहे.

सकाळी 6.05

स्वारगेटहून निघालेल्या गाडीत मी, चालक, वाहक आणि मोजून पाच प्रवासी. त्यातले दोन रात्रपाळी संपवून घरी निघालेले सुरक्षारक्षक, बसल्याबसल्या झोपलेले. मी प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले ते लिहिते. आम्ही याला चढउतार म्हणतो. मशीनच्या नोंदींतून बरंच कळतं, पण थांब्यावर उभं राहून कंटाळून रिक्षाने गेलेला माणूस मशीनमध्ये येत नाही. तो बघायला गाडीतच बसावं लागतं.

येताना चित्र पालटतं. किरकटवाडीतून नांदेड फाट्याला येईपर्यंत सगळ्या सीट भरतात, धायरी फाट्यापर्यंत दारात पाय ठेवायला जागा उरत नाही. घरकामाला जाणाऱ्या बायका, मार्केट यार्डातले हमाल, दवाखान्यातल्या आया, कॉलेजची पोरं. कागदावर या दोन फेऱ्यांची बेरीज करून सरासरी काढली की भारमान निम्म्यावर येतं. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘गाडी तर निम्मी रिकामी धावते.’ जाताना गाडी रिकामी गेली नाही, तर येताना भरलेली येईल कुठून?

माझ्या शेजारी बसलेल्या मावशी तीन घरी पोळ्या करतात. जून 2025मध्ये भाडं वाढलं, दैनिक पास 40 रुपयांवरून 70 झाला, मासिक पास 900वरून 1500. मी विचारलं, महागलं ना? म्हणाल्या, “महागलं. पण ताई, भाड्याचं एक वेळ परवडतं. एक गाडी चुकली की पहिल्या घरी उशीर, मग तिन्ही घरी बोलणी. ते नाही परवडत.”

त्यांचं हे बोलणं मी वहीत तसंच लिहून घेतलं.

सकाळी 8.20

वडगाव पुलाच्या अलीकडे बारा मिनिटं एका जागी. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाला आहे आणि मोटारींना त्याचा उपयोग होतो, पण बसचे थांबे खाली आहेत, म्हणून थांबत जाणारी बस खालूनच जाते. आमच्यापुढे थांब्याच्या जागेत चार रिक्षा आणि एक टेंपो उभा. बस रस्त्याच्या मधोमध थांबते, माणसं दुचाक्यांच्या मधून वाट काढत चढतात. सत्तरीच्या एका आजोबांना वाहकाने हात धरून वर घेतलं.

नियोजनाचं सगळं गणित या जागी येऊन बसतं, म्हणून जरा थांबून सांगते.

स्वारगेट ते किरकटवाडी अंतर साधारण चौदा किलोमीटर धरा. जायला-यायला आणि दोन्ही टोकांना चालक-वाहकाने पाणी प्यायला मिळून दोन तास, म्हणजे 120 मिनिटं. चार गाड्या असतील तर दर 30 मिनिटांनी एक सुटेल. वीस मिनिटांवर आणायच्या तर सहा गाड्या हव्यात. पण हाच थांबा मोकळा राहिला, दोन चौकांत बसला आधी सोडलं आणि फेरी 120ऐवजी 100 मिनिटांत पूर्ण झाली, तर वीस मिनिटांना पाचच गाड्या पुरतात. एक अख्खी गाडी, तिचा चालक, वाहक, वीज, सगळं या कोंडीत अडकून पडलेलं आहे. ती गाडी रस्त्यावर आहे, दिसते, पण कुणाच्या कामाला येत नाही.

डिसेंबर 2006मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली, ती याच विचाराने. पुढे तिचं जे झालं ते पुणेकर जाणतात: मार्गिका सलग नव्हती, खासगी गाड्या आत शिरत, चौकात आली की संपत असे. योजना फसली म्हणून तिच्यामागचं हे गणित चुकीचं ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी 10.45

बैठक. पहिला प्रश्न ठरलेला: या मार्गाचं ईपीके किती? ईपीके म्हणजे किलोमीटरमागचं उत्पन्न, सीपीके म्हणजे किलोमीटरमागचा खर्च. दोन्हींतल्या फरकाला संचलन तूट म्हणतात. 2007मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. तिच्यात पुणे महापालिकेचा वाटा 60 टक्के, पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के. तूट भरून काढण्याची मुख्य जबाबदारीही या दोन महापालिकांवर येते.

मी माझा आकडा मांडला. दोन जादा गाड्या, प्रत्येकीच्या दिवसात आठ फेऱ्या, फेरीला 28 किलोमीटर. दोघींचे मिळून दिवसाला 448 किलोमीटर, वर्षाला 1 लाख 63 हजारांवर. किलोमीटरमागे खर्च आणि उत्पन्नात समजा 40 रुपयांचा फरक पडला, तर वर्षाला सुमारे 65 लाख रुपये लागतील.

“एका मार्गासाठी 65 लाखांची तूट?” एका अधिकाऱ्यांनी विचारलं. प्रश्न गैर नव्हता. त्यांना पुढे स्थायी समितीत उत्तर द्यायचं असतं.

पण मला हा शब्दच खुपतो. रस्त्यावरचे दिवे रात्रभर जळतात, त्यांच्या बिलाला कुणी तूट म्हणत नाही. उड्डाणपुलावरून गेलेल्या मोटारींनी वर्षाला किती उत्पन्न दिलं, असा रकाना कुठल्याही अंदाजपत्रकात नाही. बस मात्र रोज संध्याकाळी हिशेबाला उभी. किरकटवाडीच्या बायकांना वेळेवर कामावर पोचवण्याची किंमत 65 लाख आहे, एवढंच मी म्हणाले. ती द्यायची की नाही, हे शहराने ठरवावं. पण तिला तोटा म्हणू नये.

मग भाडेवाढीचा विषय निघाला. वाहतुकीच्या अभ्यासात एक जुना ठोकताळा आहे: भाडं दहा टक्के वाढलं की प्रवासी तीनेक टक्के गळतात. गेलेला प्रवासी दुचाकी घेतो, आणि एकदा हप्ते सुरू झाले की तो परत येत नाही. मुंबईत जुलै 2019मध्ये बेस्टने किमान भाडं 8 रुपयांवरून 5 रुपये केलं, त्यासाठी महापालिकेने पैसे दिले, आणि प्रवासी भराभर वाढले. पुढे मे 2025मध्ये तेच भाडं 10 रुपये झालं. स्वस्त भाड्यामागे कुणीतरी सतत उभं राहावं लागतं, हे या दोन्ही निर्णयांतून दिसतं.

दुसरी अडचण पैशाच्या स्वभावाची आहे. एकदाच द्यायचा पैसा मिळतो, रोज द्यायचा मिळत नाही. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर 2016मध्ये 11,420 कोटींची मंजुरी मिळाली, युरोपातल्या बँकांनी कर्ज दिलं. मेट्रो हवीच होती. स्वारगेटचं भुयारी स्थानक सप्टेंबर 2024मध्ये सुरू झाल्यापासून मी स्वतः तिने जाते. विजेच्या बस विकत घ्यायला केंद्राचं अनुदान आहे. पण विकत घेतलेली गाडी रोज चालवायला लागणारे पैसे कुठून आणायचे? केंद्राने ऑगस्ट 2023मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत 10,000 बस चालवण्यासाठी दहा वर्षं किलोमीटरप्रमाणे मदत देण्याची सोय आहे. गाडी चालवण्याला पैसे लागतात हे दिल्लीने मान्य केलं, याचं मला फार महत्त्व वाटतं. ती योजना मुख्यतः आमच्याहून लहान शहरांसाठी आहे.

शेवटी ठरलं: दोनऐवजी एक गाडी अंदाजपत्रकात मागायची. दुसरी कोंडीतून सोडवून आणण्याचा प्रयत्न करायचा.

दुपारी 1.30

डबा. भाकरी, मेथी, लसणाची चटणी. शेजारच्या टेबलावरची सहकारी शाळेच्या पासांची यादी तपासत जेवते. महापालिका शाळांतल्या मुलांच्या पासचे पैसे महापालिका भरते. असे पैसे वेळेत हिशेबात आले तर ‘तूट’ तेवढीच कमी दिसते. लोकांना वाटतं बसचं नियोजन म्हणजे नकाशे. निम्मं काम या याद्यांचं आहे.

दुपारी 3.40

किरकटवाडी पुण्यात आली 2021मध्ये, 23 गावं महापालिकेत घेतली तेव्हा. घरं त्याआधीच आली होती. हद्द वाढते त्या दिवशी घरपट्टीची नोटीस निघते. बस यायला वर्षं जातात. केंद्राच्या शहरविकास मंत्रालयाने चांगल्या सेवेचं माप ठरवलेलं आहे, लाख लोकांमागे 60 बस. 2011च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून 48 लाखांवर लोक होते. त्या जुन्या संख्येलाच 2900च्या आसपास गाड्या लागतात. आम्ही अजून तिथे पोचलेलो नाही, आणि माणसं तर तेव्हापासून वाढतच गेली.

आज गावातल्या बायकांच्या बचत गटाने बोलावलं होतं. त्यांनी नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात थांब्यावर शेड मागितली होती. पुण्यात 2006पासून ही सोय आहे: आपल्या भागातलं छोटं काम आपण क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करून सुचवायचं. अर्ज मंजूर झाला, पण पुढे एका कार्यालयाने कागद परत पाठवला, कारण थांब्याची जागा नक्की कुणाच्या ताब्यातली, याचा दाखला जोडलेला नव्हता.

आम्ही सगळ्या थांब्यापाशी उभ्या राहिलो. पदपथ नाही, गटाराचं झाकण फुटलेलं, खांब वळणावर. चालकाला वळल्यावर माणसं दिसतात, तोवर गाडी पुढे गेलेली असते. एक मुलगी म्हणाली, “शेडचं राहू दे. हा खांब त्या दुकानापुढे न्या ना. तिथे उजेड आहे, आणि रात्री दुकान दहापर्यंत उघडं असतं.”

चाळीस पावलं. तिने चालून दाखवली. मी इतक्या वेळा हा थांबा नकाशावर पाहिला होता, रात्री आठला तिथे उभं राहणाऱ्या मुलीच्या जागेवरून कधी पाहिला नव्हता. खांब हलवायला वेगळी तरतूद लागत नाही, वाहतूक पोलिसांची संमती आणि आमचं एक पत्र पुरतं. पत्राचा मसुदा तिथेच दुकानाच्या फळीवर लिहिला. शेडच्या दाखल्यासाठी उद्या मी स्वतः जाणार आहे.

संध्याकाळी 6.50

परतीची गाडी, उभ्याने. गर्दीत 1 नोव्हेंबर 2012 आठवला. ‘सकाळ’ने बस डे केला होता, त्या एका दिवसासाठी कितीतरी जादा गाड्या रस्त्यावर आणल्या होत्या, आणि आम्ही कॉलेजातली मुलं दुचाक्या घरी ठेवून हौसेने बसमध्ये बसलो होतो. थांब्यावर पोचावं आणि समोर गाडी असावी, असा तो दिवस. मी या कामात आले त्यात त्या दिवसाचा मोठा हात आहे.

रात्री 9.30

वहीत आजची बाकी: एका गाडीची मागणी, एक पत्र, एक दाखला. मावशींचं वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घातलं. साहेब काढायला सांगतील कदाचित. मी ठेवा म्हणून सांगेन.

आणि हे वाचणाऱ्यांना एक विनंती. नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकासाठी तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मागवतील, तेव्हा बाक आणि पेव्हिंग ब्लॉकच्या आधी तुमचा बसथांबा लिहा. थांब्याचं नाव, तुम्ही किती वाजता पोचलात, बस किती वाजता आली, उभ्या किती जणी होत्या, उजेड होता का. दहा दिवसांच्या अशा नोंदी जोडा, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. बैठकीत मला त्या पुढे ठेवता येतील.