फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत पत्रके फिरू लागतात. ‘सहा महिन्यांत नर्स बना, नोकरीची शंभर टक्के हमी.’ आई भिशी उचलते, कानातले गहाण ठेवते आणि फी भरते. शांती नगरच्या सेक्टरांत लहान हॉस्पिटले आहेत, तिथे मुलगी कामाला लागतेही. पगार मावशीचा, काम सिस्टरचे. खरी गोष्ट कळते ती महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची भरती निघाल्यावर. अर्जासोबत नर्सिंग कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र मागतात, आणि ते तिच्याकडे नसते.

म्हणून फी भरण्याआधी संस्थेला एकच विचारा: हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? उत्तर गोल गोल आले तर उठून या.

महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 चा. नर्स म्हणून काम करायचे तर कौन्सिलच्या नोंदवहीत नाव हवे. नाव लागते ते एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केल्यावर. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी चार. एएनएमला पूर्वी दहावी चालायची, आता बारावी लागते. सहा महिन्यांत नर्स होत नाही. पेशंट केअरचा छोटा कोर्स वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रुग्णाला पुसणे, फिरवणे, भरवणे हे कष्टाचे आणि मानाचे काम आहे. पण त्या मुलीच्या हातात सलाईन आणि इंजेक्शन दिले जाते, तिथे आमचा आक्षेप आहे. रुग्णाला काही झाले तर चौकशीत सर्वांत हलका कागद तिचाच निघतो.

कॉलेजला मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः पाहा. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या कागदावर जाऊ नका. एएनएम-जीएनएमची परीक्षा कोणते मंडळ घेते, तेही विचारा. संस्था स्वतःच परीक्षा घेऊन स्वतःच प्रमाणपत्र देत असेल, तर समजून जा. आणखी एक. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ‘आमच्याकडे शिष्यवृत्ती चालत नाही’ असे कोणी म्हणाले तर का चालत नाही, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. जातीचा व उत्पन्नाचा दाखला बारावीतच काढून ठेवा, ऐन प्रवेशात तहसील कार्यालयात गर्दी असते.

आता ज्या भगिनी आधीच सिस्टर आहेत त्यांच्याबद्दल. नोंदणी एकदा केली की जन्मभर पुरते असा समज आहे. तसे नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी त्या पाच वर्षांत सततच्या शिक्षणाचे तासही भरावे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष 150 तासांचा आहे. कार्यशाळेला गेलात की प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या, नंतर आयोजक सापडत नाहीत.

बाळंतपण, सासूचे आजारपण, मुलांची शाळा यात पाच-सात वर्षे घरी गेलेल्या कितीतरी भगिनी आम्ही पाहतो. मुदत संपली म्हणून शिक्षण वाया गेले असे समजून त्या बारा तासांच्या खासगी ड्युटीवर जातात. नोंदणी जादा शुल्क भरून पुन्हा चालू करता येते. आधी कौन्सिलकडे चौकशी करा, मग निराश व्हा.

बहुतेकींचे घोडे अडते ते नावावर. डिप्लोमा माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो आधी काढा. दुसऱ्या राज्यातून कोर्स केला असेल तर तिथल्या कौन्सिलचे ना-हरकत पत्र लागते, त्याला वेळ लागतो. अर्ज आता ऑनलाइन होतो. सायबर कॅफेत भरायला हरकत नाही, पण मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा दिलात तर पाच वर्षांनी ओटीपी त्याच्याकडे जाईल, आणि तोवर त्याचे दुकान तिथे असेलच असे नाही.