कानांनी शोधलेले सुळेभावी

आमच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प मी तपासून परत पाठवला. विषय आपल्या मातीतला होता: पंडित कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली कन्नड घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकली क्षयाच्या आजारपणात पवारांच्या देवासला गेले, माळव्याची लोकगीते त्यांनी आपलीशी केली आणि 1992 साली तिथेच त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी. "सर, चुका लाल केल्यात म्हणालात. लाल कुठं आहे?"

तिला दिसत नाही हे मला तीन वर्षे ठाऊक होते. हाताची सवय मात्र सुटली नव्हती. प्रकल्प द्यायला दोन दिवस उरले होते.

"शब्द सांगा, मी शोधते," म्हणत तिने लॅपटॉप उघडला. त्यात एनव्हीडीए नावाचा, पडद्यावरचे वाचून दाखवणारा प्रोग्रॅम होता. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने तो 2006 साली सुरू केला; तो फुकट मिळतो, मराठी वाचतो आणि कन्नडही. माउसला तिने हातही लावला नाही. कंट्रोल आणि एफ दाबले, शब्द लिहिला, एंटर केले. मग एस्केप दाबले की कर्सर नेमका त्या शब्दावर. इन्सर्ट आणि वरचा बाण दाबला की ती ओळ ऐकू येते. पुढच्या ठिकाणी जायला शिफ्ट आणि एफ-चार.

मी म्हटले, "सुळेभावी शोध." काहीच सापडेना. तिने हिंदी पुस्तकातून उतरवताना 'सुलेभावी' लिहिले होते. आपले डोळे असल्या फरकाकडे कानाडोळा करतात, संगणक करत नाही. तिने नुसते 'भावी' शोधले. आधी 'प्रभावी गायन' आले, मग 'भावी पिढी', आणि मग, "सिक्तु, सर!" ती ओरडली. घरची भाषा अशा वेळीच तोंडात येते.

असे पुष्कळ आहे. 'ॲ' एका कळीने लिहिला किंवा 'अ'वर चंद्र देऊन लिहिला, दिसायला सारखाच. शोधताना मात्र दोन वेगळी अक्षरे. धार जिल्ह्यातले राजगढ हिंदीत 'ढ'खाली टिंब देऊन लिहितात, आणि महाराजांचा तो राजगड. एक शोधाल तर दुसरे हाती लागणार नाही. म्हणून शब्दाचा जो तुकडा बदलत नाही तेवढाच लिहायचा, हे मला तिने शिकवले.

जाता जाता तिने विचारले, "सर, तुमची इतिहासाची टिपणं मला का वाचता येत नाहीत? नुसती ए, बी, सी ऐकू येतात."

ती टिपणे जुन्या फाँटमध्ये होती. त्यात पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे. त्यामुळे शोधूनही काही सापडत नाही. दहा वर्षे वर्गाला तीच देत होतो आणि ही मुलगी मैत्रिणींकडून वाचून घेत होती.

प्रकल्प वेळेत गेला. टिपणे मी आता युनिकोडमध्ये आणतो आहे. रोज रात्री चार पाने होतात. मराठ्यांच्या माळव्यातल्या स्वाऱ्यांपर्यंत आलो आहे.