अ‍ॅडमिट आला, पण शहर कसं आहे?

मार्च-एप्रिल आला की एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी असते. विद्यापीठाचं रँकिंग, फी, स्कॉलरशिप, पास झाल्यावर मिळणारं सरासरी पॅकेज, लोनचा हप्ता... सगळे रकाने भरलेले. शहराचा रकाना मात्र बहुतेकांच्या शीटमध्ये नसतोच. खरं तर भाजी आणणं, आजारी पडणं, रात्री अकराला लॅबमधून घरी परतणं, रविवारी दुपारी करमेनासं होणं, हे सगळं विद्यापीठात नाही, शहरात घडतं. आणि अमेरिकेतली बरीच नावाजलेली विद्यापीठं न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोत नाहीत. ती आहेत मध्यम आकाराच्या, आपण सिनेमातही फारशा न पाहिलेल्या शहरांत.

अशा शहराबद्दल सिनियर्सना विचारलं तर एक जण सांगतो, ‘शांत, स्वस्त, मस्त!’ दुसरा सांगतो, ‘आठनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.’ दोघंही खरंच बोलत असतात. म्हणून आज असं एकच शहर जरा नीट बघूया. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पिट्सबर्ग. कार्नेगी मेलन आणि युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग ही दोन मोठी विद्यापीठं इथे एकमेकांच्या शेजारी आहेत. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत हे नाव नवीन नाही.

कोल्हापूरपेक्षा लहान

२०२०च्या जनगणनेनुसार पिट्सबर्ग शहराची लोकसंख्या साधारण ३ लाख ३ हजार. म्हणजे आपल्या कोल्हापूरपेक्षाही कमी. आजूबाजूची उपनगरं धरली तर आकडा २० लाखांच्या पुढे जातो, पण मूळ शहर आटोपशीर. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या इथे भेटतात आणि त्यांची ओहायो नदी होते. भोवती डोंगर, त्यामुळे शहरात पूल साडेचारशेच्या घरात आणि सार्वजनिक जिने सुमारे ८००. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून निघावं आणि समोर शंभर पायऱ्यांचा जिना यावा, हा इथला नेहमीचा अनुभव.

राहण्यासाठी चांगल्या शहरांच्या याद्या निघतात ना, त्यात पिट्सबर्ग अनेकदा वर असतं. ‘द इकॉनॉमिस्ट’च्या इंटेलिजन्स युनिटने तर त्याला एकाहून अधिक वेळा अमेरिकेतल्या शहरांत अगदी वरचा नंबर दिला होता. यादी बघून आपण खूश होतो. पण या यादीचा एक मुख्य उपयोग काय, तर परदेशी बदली झालेल्या अधिकाऱ्यांना ‘हार्डशिप अलाउन्स’ द्यायचा का आणि किती, हे कंपन्यांना ठरवता यावं. म्हणजे ज्याचं घर आणि गाडी कंपनी बघणार आहे, त्याच्या सोयीचा हा हिशोब. चार जणांत घर शेअर करून बसने कॉलेजला जाणाऱ्या मुलीला त्या नंबरातून फारसं काही कळत नाही.

घर स्वस्त का आहे?

पिट्सबर्गचं पहिलं कौतुक असतं ते भाड्याचं. बॉस्टन, न्यूयॉर्क किंवा बे एरियात राहणाऱ्या मित्राला इथलं भाडं सांगितलं तर तो गप्प होतो. पण ही स्वस्ताई आली कुठून?

हे पोलादाचं शहर. एके काळी इथे इतका धूर असायचा की भरदिवसा रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. १९५०मध्ये शहराची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या वर होती. मग १९८०च्या आसपास पोलादाच्या गिरण्या धडाधड बंद पडायला लागल्या. शहराला लागून असलेला होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६मध्ये बंद झाला. हजारो कुटुंबांनी गाशा गुंडाळला, तरुण पोरं तर सगळ्यात आधी बाहेर पडली. आजही अमेरिकेतल्या जवळपास कुठल्याही मोठ्या शहरात स्टीलर्स या पिट्सबर्गच्या फुटबॉल टीमचे चाहते जमणारा एखादा बार सापडतो. त्याचं एक कारण हेच. गाव सोडून गेलेली माणसं टीम सोबत घेऊन गेली.

मुंबईकराला हे ओळखीचं वाटेल. गिरणगावातला संप जानेवारी १९८२चा, म्हणजे काळही जवळपास तोच. होमस्टेडच्या जागेवर आज मॉल आहे आणि जुन्या कारखान्याची धुराडी तिथे आठवण म्हणून ओळीने उभी ठेवली आहेत. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे आणि चिमणी तशीच उभी आहे. फरक एवढाच की मुंबईत माणसांचं काम गेलं आणि जागेचे भाव चढले. पिट्सबर्गमध्ये काम गेलं, माणसंही गेली, घरं रिकामी राहिली. लोकसंख्या निम्म्याहून खाली आली. आपल्याला परवडणाऱ्या भाड्यामागे हा इतिहास आहे.

शहर सावरलं ते विद्यापीठं आणि हॉस्पिटलांच्या जिवावर. युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने बांधलेल्या ६४ मजली इमारतीच्या माथ्यावर आज यूपीएमसी या हॉस्पिटल समूहाची अक्षरं चमकतात. नाबिस्कोच्या जुन्या बिस्किट कारखान्यात गुगलचं ऑफिस आहे. डुओलिंगो हे अ‍ॅप कार्नेगी मेलनमधूनच निघालं आणि त्याचं मुख्यालयही इथेच आहे.

बसचा नंबर हाच पत्ता

गाडीशिवाय राहता येतं का? मध्यम आकाराच्या अमेरिकन शहराची खरी परीक्षा इथे होते. अशा अनेक शहरांत गाडी नसेल तर किराणा आणणं म्हणजे मित्राच्या मिनतवाऱ्या. पिट्सबर्ग या बाबतीत बरं आहे, पण सगळीकडे नाही. दोन्ही विद्यापीठं ओकलंड भागात आहेत. तिथून शेडीसाइड, स्क्विरल हिल या वस्त्यांकडे ६१ आणि ७१ नंबरच्या बस धावतात आणि दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी आयकार्ड दाखवून बसने फिरू शकतात. एअरपोर्टलासुद्धा २८एक्स ही बस जाते. त्यामुळे घर बघताना बेडरूम किती हे नंतर विचारा. बसस्टॉप किती अंतरावर आहे, मधे चढ किती आहे आणि रविवारी रात्री बस किती वेळाने येते, हे आधी विचारा.

ही सोयही गृहीत धरू नका. २०२५मध्ये पैशांअभावी बससेवेत तब्बल ३५ टक्के कपात करण्याचा प्रस्ताव आला होता. राज्याने दुसऱ्या कामांसाठीचा निधी वापरायला परवानगी दिली, म्हणून ती कपात तूर्त टळली. पुलांचंही तसंच. २८ जानेवारी २०२२ला फर्न हॉलो पूल बससकट कोसळला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. योगायोग असा की पायाभूत सुविधांवर बोलायला अध्यक्ष जो बायडेन त्याच दिवशी शहरात येणार होते.

आणि हिवाळा! थंडीची तयारी सगळेच करतात, जॅकेट घेतात, थर्मल घेतात. ढगांची तयारी कुणी करत नाही. पिट्सबर्गचं आकाश हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे राखाडी असतं आणि डिसेंबरमध्ये पाचच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे ढग आले की भजी आणि चहा सुचतो. तिथे सलग तिसऱ्या आठवड्यात तसेच ढग असले की उठायचाही कंटाळा येतो. अशा वेळी रूममेट कोण आहेत, चालत जाता येईल अशी लायब्ररी किंवा कॅफे जवळ आहे का, याचं मोल रँकिंगपेक्षा जास्त ठरतं.

चांगलं, पण कुणासाठी?

२०१९मध्ये शहराच्याच जेंडर इक्विटी कमिशनने एक अहवाल प्रसिद्ध केला. आरोग्य, उत्पन्न, नोकरी, शिक्षण अशा बाबतींत पिट्सबर्गमधल्या कृष्णवर्णीयांची, त्यातही स्त्रियांची अवस्था अमेरिकेतल्या इतर बहुतेक तशाच शहरांपेक्षा वाईट आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘राहायला चांगलं’ म्हणून मिरवणाऱ्या शहराला तो चांगलाच झोंबला. पण हे एका रात्रीत झालेलं नाही. १९५०च्या दशकात मोठं स्टेडियम बांधण्यासाठी लोअर हिल ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती पाडली गेली आणि सुमारे ८ हजार माणसं विस्थापित झाली. ते स्टेडियमही आता राहिलेलं नाही.

हवेचंही तसंच. जुना धूर गेला, पण शहराच्या दक्षिणेला क्लेअरटनचा कोक कारखाना अजून चालू आहे आणि त्याच्या आसपासचे रहिवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये तिथे स्फोट होऊन दोन कामगारांचा जीव गेला. यादी बनवणाऱ्यांचं पिट्सबर्ग आणि क्लेअरटनच्या माणसाचं पिट्सबर्ग यांच्यात बसने तासा-दीड तासाचं अंतर आहे.

आता आपल्याबद्दल. दोन वर्षांचा विद्यार्थी म्हणून पिट्सबर्ग राहायला चांगलं आहे का? माझं उत्तर आहे, हो, बसच्या मार्गावर घर मिळालं तर नक्कीच. भाडं झेपतं, कॅम्पस जवळ राहतो. पेन हिल्सच्या टेकडीवर १९७०च्या दशकात उभं राहिलेलं वेंकटेश्वराचं मंदिर आहे, त्यामुळे आपली माणसं इथे आज-काल आलेली नाहीत हेही कळतं. शहर लहान असल्यामुळे महिन्याभरात दुकानदार ओळखायला लागतो.

पदवीनंतरचं गणित मात्र वेगळं. मोठ्या शहरात एक कंपनी बंद पडली तर रस्त्यापलीकडे दुसरी असते. मध्यम शहरात एका क्षेत्रातल्या कंपन्या मोजक्याच. ऑक्टोबर २०२२मध्ये स्वयंचलित गाड्यांवर काम करणारी आर्गो एआय ही पिट्सबर्गची मोठी स्टार्टअप एकाएकी बंद झाली. ओपीटीवर असलेल्या विद्यार्थ्याला एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेरोजगार राहता येत नाही. अशा वेळी घराची लीज, मित्र, ओळखीची बस सगळं सोडून दुसऱ्या राज्यात जायची तयारी ठेवावी लागते. ऐंशीच्या दशकात इथल्या पोरांनी केलं तेच, फक्त सोबत व्हिसाची तारीख.

म्हणून शीटमध्ये शहराचा रकाना आजच टाका आणि सिनियरला ‘शहर कसं आहे?’ असं मोघम विचारू नका. त्याला विचारा, फेब्रुवारीतल्या मंगळवारी तू दिवसभरात काय काय केलंस? किराणा कुठून आणि कसा आणलास? ताप आला तेव्हा दवाखान्यात कसा गेलास? रात्री उशिरा एकटीने परतणाऱ्या मैत्रिणी काय सांगतात? तुझ्या क्षेत्रातल्या किती कंपन्या त्याच शहरात आहेत? उत्तरं एका ओळीत येणार नाहीत, अर्धा तास फोन चालेल. चाळीस लाखांचं लोन काढायच्या आधी तेवढा वेळ द्यायला हरकत नाही.