मानसिक आघात : बोलण्यातला शब्द आणि निदानातील व्याख्या

नापास झाल्याने विद्यार्थ्याला ‘धक्का’ बसला, वडील गेल्याने त्याला ‘सदमा’ बसला, असे आपण सहज म्हणतो. मनोविकारशास्त्रातील ‘ट्रॉमा’ म्हणजे मानसिक आघात ही संज्ञा मात्र यापेक्षा मर्यादित आहे. हा फरक लक्षात न घेतल्यास दोन चुका संभवतात : स्वाभाविक दुःखाला आजार ठरविणे, किंवा खऱ्या आजाराला मनाचा दुबळेपणा समजणे.

‘ट्रॉमा’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘आघातोत्तर तणाव विकार’ समाविष्ट केला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. बहुतेक मनोविकारांचे निदान केवळ लक्षणांवरून होते. येथे मात्र विशिष्ट घटना घडलेली असणे ही पहिली अट आहे. म्हणूनच घटनेच्या व्याख्येला एवढे महत्त्व आहे.

ही व्याख्या स्थिर राहिलेली नाही. १९८७ साली ‘सामान्य मानवी अनुभवाच्या कक्षेबाहेरील’ घटना असा निकष होता. पण रस्त्यावरील अपघात किंवा घरातील मारहाण विरळा नसते. म्हणून १९९४ साली तो वगळून मृत्यू वा गंभीर इजेचा धोका आणि त्या वेळची तीव्र भीती, असहायता किंवा थरकाप, अशा दोन अटी आल्या. त्या क्षणी भीती न जाणवलेल्यांनाही पुढे हा विकार होतो, असे दिसल्याने २०१३ साली दुसरी अट काढण्यात आली.

आता प्रत्यक्ष वा संभाव्य मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांच्याशी संबंध आलेला असावा लागतो. हा संबंध चार प्रकारे येतो : स्वतः भोगणे, समोर पाहणे, जवळच्या व्यक्तीवर असा प्रसंग आल्याचे कळणे, किंवा कामानिमित्त अशा भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जाणे. मृत्यूची बातमी कळली असेल, तर तो हिंसेने वा अपघाताने झालेला असावा लागतो. दूरचित्रवाणीवर पाहिलेले दृश्य एरवी यात मोडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, ‘अत्यंत धोकादायक किंवा भयावह घटना’ एवढेच म्हटले आहे. त्यात तीन लक्षणे मुख्य आहेत : घटना आत्ताच घडत असल्यासारखी पुन्हा अनुभवणे, तिची आठवण टाळणे आणि सतत धोका जाणवणे. ही लक्षणे काही आठवडे टिकून दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारी हवीत. अर्थात केवळ घटना घडली म्हणून आजार ठरत नाही. अनेक जण काळानुसार सावरतात.

उलट, व्याख्येत न बसणारे दुःख खोटेही ठरत नाही. नापास झालेल्या विद्यार्थ्यालाही नैराश्य येऊ शकते आणि त्यालाही उपचार लागू शकतात. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कोणाचा मानसिक आजार त्याच्या धार्मिक समूहावरून किंवा सामाजिक स्थितीवरून ठरविता येत नाही.

निदान हे तज्ज्ञाचे काम आहे. विद्यार्थी अचानक वर्ग टाळू लागला, दचकू लागला, अबोल झाला, तर शिक्षकाने घटनेचे तपशील खोदून न विचारता त्याचे ऐकून घ्यावे आणि त्याला समुपदेशकापर्यंत किंवा शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकापर्यंत पोहोचवावे.