राखीव प्रत, संगणकीय

संगणकातील माहिती नष्ट झाल्यास ती परत मिळावी म्हणून दुसऱ्या साठवण साधनावर ठेवलेली तिची प्रत. ही प्रत मूळ माहितीशी वेळोवेळी जुळवून घेण्याच्या क्रियेस समक्रमण म्हणतात. या कामासाठी अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये तयार केलेली आरसिंक ही आज्ञावली विशेष प्रचारात आहे. दोन्हीकडील फाइलींचे आकारमान व अखेरच्या बदलाची वेळ ताडून ती फक्त बदललेल्या फाइली उतरवून घेते.

हुबेहूब प्रत सुरक्षित असतेच असे नाही. गैरसमज बहुधा येथेच होतो. मूळ फाइल बिघडली, तर पुढील समक्रमणात बिघडलेली फाइलच चांगल्या प्रतीची जागा घेते. मुळात नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढून टाकणारा ‘डिलीट’ हा पर्याय त्याहून घातक ठरू शकतो. युनिक्स धर्तीच्या प्रणालींत मूळ तबकडी जोडली न गेल्यास तिच्या जागी रिकामी निर्देशिका दिसते. आज्ञावलीला त्यात काहीच वावगे आढळत नाही आणि राखीव तबकडीही रिकामी होते. म्हणून होणाऱ्या बदलांची केवळ यादी देणारी ‘ड्राय-रन’ चाचणी आधी घेणे इष्ट असते.

‘लिंक-डेस्ट’ या पर्यायाने दररोजची स्वतंत्र प्रत ठेवता येते. न बदललेल्या फाइली आधीच्या प्रतीशी जोडल्या जात असल्याने जागा फारशी लागत नाही. मात्र अशी फाइल तबकडीवर वस्तुतः एकदाच असते व तबकडी निकामी झाल्यास सर्व दिवसांच्या प्रती एकदमच जातात. त्यामुळे दुसरी तबकडी अन्य वास्तूत ठेवतात.