तिथीची पाऊणपट आणि उपग्रह

कॅनडाच्या उत्तर टोकाकडचे इन्युइट शिकारी बर्फाची जाडी, भेगा, धोक्याच्या जागा मोबाइलवर नोंदवतात. २०१९ साली सुरू झालेल्या त्या अ‍ॅपचं नाव ‘सिकू’, म्हणजे समुद्रावरचा बर्फ. तिथे ही माहिती आणि उपग्रहाची चित्रं एकाच नकाशावर येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही अनुभवातून आलेल्या ज्ञानाचं असं भांडवल आहे. पण त्याभोवती गैरसमज बरेच.

गैरसमज : खारवी-दालदी मच्छीमारांचं ज्ञान म्हणजे नुसते ठोकताळे.

वस्तुस्थिती : कोकणात भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच मागे सरकते. हिशेब तोंडी असला तरी पाया खगोलाचा आहे.

गैरसमज : उपग्रह मासे दाखवतो, मग होडी हाकणारा तांडेल कशाला?

वस्तुस्थिती : उपग्रहाला मासा दिसत नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि वनस्पती-प्लवकांतलं हरितद्रव्य पाहून मासळी मिळण्याची शक्यता कुठे, ते कळवते. ढग दाटले की तेही अवघड होतं. तळाशी खडक आहे की चिखल, जाळं कुठे फाटेल, हे तांडेलालाच ठाऊक.

गैरसमज : जुने आडाखे चुकत नाहीत.

वस्तुस्थिती : नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवतो, हा पिढ्यांचा अनुभव. पण अरबी समुद्र तापतो आहे. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ चक्रीवादळ घोंगावत होतं. ते विरायच्या आत ‘महा’ उठलं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. अशा वेळी होड्या बंदरात थांबतात त्या हवामान खात्याच्या इशाऱ्यावर.

गैरसमज : संशोधन शास्त्रज्ञांचं, गावकरी फक्त मदतनीस.

वस्तुस्थिती : वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांसोबत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. वाळूवरच्या खुणांवरून घरटं हुडकणारी नजर गावाचीच होती. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. ती जास्त तापली तर माद्याच वाढतात. म्हणून घरट्यांची नोंद आता हवामानाचीही नोंद ठरते.

२०२२ साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह-टॅग बसले. त्याआधी, २०२१ मध्ये, ओडिशात एका मादीच्या पराला साधी धातूची पट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, हा समज तिने मोडला; आणि तो मोडला तो किनाऱ्यावर कुणीतरी पट्टीवरचा आकडा वाचला म्हणून.